पायदळवाहक चिलखती वाहनावर तोफ : भारतीय हलक्या रणगाड्याच्या आद्यनमुन्याचा अभ्यास

प्रस्तावना :

सैन्यविषयक लेखनात रणगाडा आणि विमान यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे त्यांच्या आद्यनमुन्यांना मिळत नाही. सेवेत दाखल न झालेले वाहन म्हणजे फसलेले वाहन, असा एक सरळ समज त्यामागे असतो. १९८० च्या दशकात संरक्षण संशोधन व विकास संघटनेने (डीआरडीओ) बीएमपी या पायदळवाहनाच्या सांगाड्यावर १०५ मिलिमीटरची तोफ बसवून हलक्या रणगाड्याचा आद्यनमुना तयार केला. १९९४ मध्ये तो प्रकल्प थांबविण्यात आला. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये चिनी सैन्याशी संघर्ष उभा राहिला, तेव्हा नेमक्या त्याच प्रकारच्या वाहनाची गरज देशाला नव्याने भासली. प्रस्तुत लेखात हे वाहन कोणत्या गरजेतून जन्मते, त्याच्या रचनेत कोणत्या अडचणी येतात आणि महाराष्ट्राचा या विषयाशी काय संबंध आहे, याचा विचार केला आहे.

अग्निसाहाय्य वाहन म्हणजे काय?

पायदळवाहक चिलखती वाहनाचे मूळ काम सैनिकांना गोळ्यांपासून व तोफगोळ्यांच्या ठिकऱ्यांपासून वाचवत रणभूमीवर पोचविणे हे होय. सैनिक खाली उतरल्यावर मात्र समोरचा खंदक, काँक्रीटचे मोर्चे वा शत्रूची वाहने फोडण्यासाठी त्यांना जवळूनच थेट माऱ्याची तोफ लागते. ती रणगाडा देतो. पण जिथे रणगाडा पोचत नाही तिथे काय करायचे? याचे एक उत्तर म्हणजे सैनिकांच्याच वाहनावर मोठी तोफ चढविणे. सांगाडा, इंजिन, पट्टे आणि सुटे भाग तेच राहतात. त्यामुळे खर्च, प्रशिक्षण व देखभाल यांत बचत होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियाने अमेरिकी एम-११३ वाहनावर ब्रिटिश सॅलाडिन गाडीचा ७६ मिलिमीटर तोफेचा फिरता बुरूज बसवून असेच वाहन केले होते. एकाचे धड व दुसऱ्याचे शिर असा हा प्रकार दिसायला ओबडधोबड होता, पण तो कामाचा ठरला.

भारतीय सेनेला ही गरज परकी नव्हती. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाड्यांनी शत्रूला अक्षरशः चकित केले. १९६२ मध्ये एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे विमानाने चुशूलला उतरविण्यात आले. नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरच्या लढाईत पाणथळ बंगाली भूमीवर पीटी-७६ हे उभयचर रणगाडे लढले. तिन्ही प्रसंगी निर्णायक ठरले ते वाहनाचे वजन. अवजड रणगाडा तिथे पोचलाच नसता.

बीएमपीचा सांगाडा व मागच्या धक्क्याचा प्रश्न :

बीएमपी-२ हे सुमारे १४ टन वजनाचे, ३०० अश्वशक्तीचे, पाण्यावर तरंगणारे वाहन आहे. ते तिघे चालवितात व आत सात सैनिक बसतात. ‘सारथ’ या नावाने त्याचे उत्पादन तेलंगणातील मेदक येथील आयुध निर्माणीत १९८७ पासून होऊ लागले. (काटेकोरपणे पाहता हे केवळ वाहक नसून ३० मिलिमीटर तोफेचे लढाऊ वाहन आहे, पण सांगाड्याच्या दृष्टीने हा भेद येथे गौण आहे.) डीआरडीओने या सांगाड्यावर फ्रान्सच्या जियाट कंपनीचा कमी धक्क्याच्या १०५ मिलिमीटर तोफेचा बुरूज बसविला.

यातील खरी अडचण समजण्यासाठी पदवी वर्गाच्या भौतिकशास्त्रातील संवेग अक्षय्यतेचा नियम पुरेसा आहे. ढोबळ हिशेबासाठी गोळा १० किलोग्रॅमचा व त्याचा वेग सेकंदाला १,१५० मीटर धरू. त्याचा संवेग ११,५०० न्यूटन-सेकंद होतो. त्यामागोमाग सुटणाऱ्या तप्त वायूंचा संवेग मिळवला तर ही बेरीज २०,००० च्या आसपास जाते. तेवढाच संवेग उलट दिशेने तोफेला मिळतो. तोफेचा मागे सरकणारा भाग १.३ टनांचा मानला तर तो सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने मागे येतो. त्याला ३० सेंटिमीटरमध्ये थांबवायचे तर सरासरी ५२ टनांइतके बल सांगाड्यावर पडेल. ७५ सेंटिमीटर अंतर दिले तर तेच बल २१ टनांवर येते. ४५ टनी रणगाडा पहिला धक्का सोसतो. १४ टनी वाहनाला दुसराच मार्ग पत्करावा लागतो, आणि त्याच्या जोडीला नळीच्या तोंडाशी वायूंना बाजूला वळविणारा ब्रेकही लावावा लागतो.

पण धक्क्याला अंतर दिले की बुरुजातील जागा जाते. तोफ मागे येते ती माणसे बसतात त्याच पोकळीत. त्यात १०५ मिलिमीटरचे गोळे लांबलचक. ते ठेवायचे कोठे? सैनिकांच्या आसनांच्या जागी. म्हणजे पायदळाला आधार देण्यासाठी केलेल्या वाहनातून पायदळच उतरते. वजन वाढले की तरंगण्याची क्षमता घटते, बुरूज उंच असल्याने गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तोफ आडवी वळवून डागली की वाहन डुलते. चिलखत मात्र मूळचेच, पातळ. अशा वाहनाने रणगाड्यासारखे समोरासमोर लढावे ही अपेक्षा चुकीची होय. तोफ पाहून सेनाधिकाऱ्यांना तो मोह होतो, हे मात्र खरे.

अमेरिकेचा अनुभवही येथे उद्बोधक आहे. स्ट्रायकर या आठचाकी वाहनावर १०५ मिलिमीटरची तोफ व स्वयंचलित भरणयंत्र बसवून केलेली गाडी युद्धात वापरली गेली. तथापि भरणयंत्राच्या तक्रारी सुरूच राहिल्या आणि २०२१ मध्ये ती निवृत्त करण्याचा निर्णय अमेरिकी सेनेने जाहीर केला.

भारतीय आद्यनमुना यापेक्षा लवकर थांबला. १९९१ चे आर्थिक संकट, सोव्हिएत संघाचे विघटन आणि सप्टेंबर १९९३ मधील भारत-चीन सीमाकरार ही पार्श्वभूमी लक्षात घेता, डोंगरी सीमेसाठी नवे वाहन ही त्या वेळी तातडीची बाब वाटली नसावी. हा तर्क समजण्याजोगा आहे. परंतु प्रकल्प बंद होतो तेव्हा केवळ खर्च थांबत नाही. त्यावर काम करणारी माणसे पांगतात आणि त्यांच्या हातातले ज्ञान फायलींत उरते.

अहिल्यानगरचा संदर्भ :

चिलखती वाहनांच्या संदर्भात महाराष्ट्रात एका गावाचे नाव टाळता येत नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे चिलखती दलाचे केंद्र व शाळा, यांत्रिक पायदळाचे रेजिमेंटल केंद्र, खारे कर्जुने परिसरातील गोळीबार क्षेत्र, रणगाडा संग्रहालय आणि डीआरडीओची वाहन संशोधन व विकास आस्थापना (व्हीआरडीई) एकवटली आहेत. वाहन घडविणारा आणि ते चालविणारा इतक्या जवळ असण्याचा योग आपल्याकडे दुर्मीळ. याच व्हीआरडीईने टाटा मोटर्सच्या सहकार्याने आठचाकी उभयचर चिलखती वाहन विकसित केले. २०१४ च्या दिल्लीतील डिफेक्स्पो प्रदर्शनात ते ‘केस्ट्रेल’ या नावाने ३० मिलिमीटर तोफेच्या दूरनियंत्रित बुरुजासह मांडले गेले. त्याच सांगाड्यावर आधारित वाहने एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात भारतीय सेनेकडे सोपविण्यात आली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोतील बेरेशिद येथे त्यांच्या निर्मितीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

चाकांच्या या पर्यायाचा लाभ पनवेलकरांना सहज उमगावा. न्हावा-शेवा बंदरातून पनवेलमार्गे घाटाकडे जाणारे कंटेनर ट्रेलर रोज दिसतात. सुमारे २५ टनांचे आठचाकी वाहन चार आसांवर विभागले तर प्रत्येक आसावर सहा-सव्वासहा टन येतात; हा भार भरलेल्या मालवाहू गाडीहून अधिक नाही. असे वाहन महामार्गावरून स्वतःच्या चाकांवर जाते, तर पट्ट्यांच्या रणगाड्याला लांबच्या पल्ल्यासाठी ट्रेलर वा रेल्वे लागते. बर्फ, दगडगोटे व भुसभुशीत वाळू आली की मात्र पट्ट्यांना पर्याय नाही.

नवा मार्ग :

लडाखसाठी म्हणूनच पुन्हा पट्टेच निवडले गेले, पण आधीच्या वाहनाचा सांगाडा उसना न घेता. डीआरडीओ व लार्सन अँड टुब्रो यांनी विकसित केलेला ‘जोरावर’ हा २५ टनी हलका रणगाडा जुलै २०२४ मध्ये गुजरातेतील हजिरा येथे दाखविण्यात आला. त्यावर बेल्जियमच्या जॉन कॉकरिल कंपनीचा १०५ मिलिमीटर तोफेचा बुरूज आहे. बुरूज परदेशी, सांगाडा देशी ही जुनी जुळणी कायम राहिली. मात्र सांगाड्याला आणखी अकरा टन मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये वाळवंटात व डिसेंबर २०२४ मध्ये ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर त्याने गोळाफेक केली. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असते व इंजिनांची शक्ती घटते. ३०० अश्वशक्तीच्या जुन्या सांगाड्यावर हीच तोफ तिथवर नेली असती, तर चढावर प्रथम दम लागला असता तो इंजिनालाच.