खिडकीच्या सिलला कोणता लेप द्यावा?

पुण्याजवळच्या दिघीच्या गावठाणातील जुने घर असो वा आळंदी रस्त्यालगतच्या वसाहतीतील बंगला, त्याच्या लाकडी खिडकीचा सर्वांत आधी खराब होणारा भाग म्हणजे चौकटीची खालची आडवी पट्टी, जिला बांधकामाच्या भाषेत ‘सिल’ म्हणतात. उभ्या लाकडावरून पाणी निथळून जाते, सिलवर मात्र ते थांबते आणि जिथे उभे लाकूड आडव्याला मिळते त्या सांध्यात झिरपते. पश्चिमेकडे आणि नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या खिडक्यांची दशा अधिक वाईट असते, कारण वैशाखातले दुपारनंतरचे ऊन आणि मोसमी वाऱ्याबरोबर येणारी पावसाची झड या दोन्हींचा मारा त्याच बाजूने होतो.

लाकूड करडे का पडते, हे समजल्यावाचून लेपाची निवड करणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय. लाकडातील सेल्युलोजच्या तंतूंना धरून ठेवणारा नैसर्गिक सरस म्हणजे लिग्निन हा घटक. सूर्याचे अतिनील किरण प्रामुख्याने त्यालाच फोडतात आणि फुटलेले अंश पाऊस धुऊन नेतो, त्यामुळे वरचे तंतू सुटे, भुरकट आणि केसाळ होतात. हे किरण एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जातात, म्हणून वरवर मेल्यासारखे दिसणारे सागवान रंध्याच्या एक-दोन हातांत पुन्हा सोनेरी दिसू लागते. परंतु एवढा पातळ थरही रंगाची पकड घालवण्यास पुरेसा असतो. कोरे लाकूड दोन-तीन आठवडे उन्हात उघडे राहिले तरी त्यावर रंग पूर्वीइतका घट्ट बसत नाही. करड्या लाकडावर थेट दिलेला कोणताही महागडा लेप म्हणजे धुळीवर चिकटवलेला कागदच.

लेपांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात: पृष्ठभागावर पापुद्रा धरणारे आणि लाकडात मुरणारे. पारदर्शक व्हार्निश पहिल्या प्रकारातले. सागाचे रेषे त्यातून खुलून दिसतात आणि घरमालक त्यावरच भाळतो, पण ज्या पारदर्शकतेमुळे रेषे दिसतात तिच्यामुळेच ऊनही आत जाते. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली बाहेरच्या वापराची व्हार्निशे अधिक टिकतात, तरी लेपाखालचे लिग्निन कालांतराने फुटते, पापुद्रा सुटतो, सांध्याच्या भेगेतून शिरलेले पाणी त्याखाली अडकते आणि लाकूड काळे पडू लागते. अशा वेळी वरून आणखी एक हात देऊन भागत नाही. जुना थर पूर्ण खरवडावा लागतो. लाखेचे फ्रेंच पॉलिश तर पाण्याने पांढरे पडते, त्यामुळे त्याची जागा घरातील कपाटावर.

मुरणाऱ्या लेपांत सर्वांत जुने म्हणजे जवसाचे तेल. ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. कच्चे तेल सुकण्यास अनेक दिवस लागतात, म्हणून रंगारी त्याचेच लवकर सुकणारे रूप, म्हणजे बेलतेल, वापरतात. लाकडाला ते तजेला देते, सोलून निघत नाही, पण ऊन अडवत नाही आणि पावसाळी दमटपणात त्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. दिघीच्या हवेत उघड्या सिलला केवळ तेलावर सोडणे त्यामुळे पुरेसे ठरत नाही. रंगद्रव्य आणि बुरशीरोधक द्रव्य मिसळलेला, लाकडात मुरणारा अर्धपारदर्शक लेप, ज्याला दुकानात ‘वुड स्टेन’ म्हणतात, हा येथे अधिक शहाणपणाचा पर्याय आहे: त्यातील रंगाचे कण ऊन अडवतात, रेषेही काहीसे दिसत राहतात आणि फिका पडल्यावर धुऊन, हलके घासून त्यावरच नवा हात देता येतो. संरक्षण सर्वाधिक मिळते ते अपारदर्शक रंगाने, अस्तर आणि वर दोन हात या पद्धतीने; जिथे लाकडाचे रूप मिरवायचे नाही किंवा लांबी भरून खड्डे बुजवावे लागले आहेत, तिथे तोच द्यावा. लेप किती चकाकतो यापेक्षा तो निकामी कसा होतो आणि त्यानंतर किती श्रम पडतात, याला निवडीत अधिक महत्त्व आहे.

घासण्यापूर्वी जुन्या रंगाचे वय पाहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता ओला करून, तोंडाला योग्य मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवून काढावा. लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांवर टिकून राहिले की कुजवणारी बुरशी वाढू शकते आणि ओल्या लाकडावर दिलेला लेप ती ओल आतच ठेवतो. म्हणून या कामासाठी फाल्गुन ते वैशाख हा कोरडा काळ योग्य. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवणारी माउलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते, तोवर शेवटचा हात वाळून महिना झालेला बरा.

लेप देताना पट्टीची दोन्ही टोके विसरली जातात, वास्तविक पाणी सर्वाधिक वेगाने तिथूनच, तंतूंच्या उघड्या तोंडांतून, शोषले जाते; त्यांना एक हात जास्त द्यावा. सिलला बाहेरच्या बाजूस किंचित उतार नसेल तर सुताराकडून तो आधी करून घ्यावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण तेल सुकताना निघणारी उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. दिवाळीच्या साफसफाईत सिलवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत: ते मोत्यासारखे उभे राहिले तर लेप शाबूत आहे आणि लाकडावर गडद डाग पाडून जिरले तर येत्या उन्हाळ्यात ब्रश हाती घ्यावा लागेल.