पाळीतली पोटदुखी आणि मालिश

पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. आज शहरात मुली सर्रास शिकतात. पण पाळीत पोट दुखते म्हणून काहींची महिन्यातून एखादा दिवस शाळा बुडते. ‘त्यात काय एवढे!’ असे म्हणून आपण विषय संपवतो. वास्तविक या दुखण्याला शास्त्रीय कारण आहे.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि कळ येते.

मग ओटीपोट आणि कंबर तेलाने हळुवार चोळल्यावर बरे का वाटते? ठेच लागली, की आपण बोट चोळतो, तसेच हे आहे. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली असे मांडले, की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. अनेक लहान चाचण्यांत मालिशने आराम पडल्याचे आढळले आहे. शेकण्यानेही स्नायू सैलावतात. मात्र मालिशमुळे वेदना कमी होते, मूळ कारण जात नाही. आयब्युप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच आळा घालतात. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

दुखणे महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही होत असेल किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर मालिशवर न थांबता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रजननसंस्थेचा धडा शिकवताना शिक्षकांनी एवढे जरूर सांगावे. मुलींबरोबर मुलग्यांनाही!