कुत्रे का खाजवते?

कुत्रे खाजवू लागले, की गावात लगेच म्हणतात, "याला लूत लागली. हाकला याला!" कोणी जळके ऑइल चोपडतो. कोणी रॉकेल ओततो. कुत्रे ते अंग चाटते आणि विष पोटात जाते. राखणीचे जनावर कधी कधी हकनाक मरते.

पण खाज म्हणजे लूतच, असे नाही. ती वावड्याचीही असते.

वावडे तुम्हांला ठाऊक आहे. पंगतीत सगळे वांगे खातात. एखाद्याच्याच अंगावर गांधी उठतात. वांगे काही वाईट नसते, त्याला ते सोसत नाही, एवढेच. डॉक्टर याला अॅलर्जी म्हणतात. कुत्र्यालाही असे वावडे असते. कुणाला पिसवांचे, कुणाला धुळीचे, कुणाला एखाद्या खाण्याचे.

पिसवांचे वावडे फार आढळते. पिसू चावली, की तिची लाळ कातडीत जाते. वावडे असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात. "पण याच्या अंगावर तर एकही पिसू नाही!" असं तुम्ही म्हणाल. अहो, खाजेने हैराण झालेले कुत्रे पिसवा दातांनी टिपून खाते. मग दिसणार कशा? त्याच्या शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवा. फणीतला काळा कचरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर झाडा. थोडे थांबा. काळ्या कणांभोवती तांबडा डाग पसरला, तर ती पिसवांची घाण समजा. त्यांनी प्यालेले रक्तच ते. तांबड्या मातीच्या गावात मात्र जरा नीट पाहावे लागते.

आता खाजेची जागा पाहा. पिसवांच्या वावड्यात कंबर, शेपटीचे बूड आणि मांड्यांची मागची बाजू येथले केस जातात. धुळीच्या किंवा खाण्याच्या वावड्यात कुत्रे पंजे चाटत बसते, तोंड घासते. त्याच्या काखा आणि पोट लाल होते. कानांना वास येतो, ते सारखे डोके झटकते. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे चाटून चाटून तांबूस दिसतात. खाज जुनी झाली, की कातडी काळी आणि जाड होते, हत्तीच्या कातडीसारखी.

लूत बहुधा कानांच्या कडांवर आणि कोपरांवर दिसते. तेथे खपल्या धरतात. ती दुसऱ्या कुत्र्याला लागते, माणसालाही खाज सुटते. वावडे कुणाला लागत नाही. तरी नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. गुरांचा डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. म्हणून कुत्र्याला गुरांच्या दवाखान्यात न्या.

औषध चालू असताना त्याचे पोते उकळत्या पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. पिसवांची अंडी अंगावरून गळून तिथेच पडतात. घरातल्या मांजरालाही डॉक्टरांना विचारून औषध द्या. पण कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका. मांजर त्याने मरू शकते.