"मामा, दोन्ही परीक्षा देऊ का?"

डोंबिवलीहून सकाळची स्लो लोकल पकडली की कोपर, दिवा, मुंब्रा आणि मग कळवा. तेवढ्या वेळात दारापाशी उभी राहून माझी भाची मोबाइलवर पंचवीस-तीस फ्लॅशकार्डं उरकते. ती कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत फराळाला आली तेव्हा तिने विचारलं, "मामा, नीट-पीजी देऊ की यूएसएमएलई? की दोन्ही देऊ?"

मी डोंबिवलीत दवाखाना चालवतो. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे, कारण ठाण्यापासून कल्याणपर्यंत किती तरी घरांत हा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक ठिकाणी चर्चा एकाच मुद्द्यावर अडते: कुठली परीक्षा सोपी? खरं पाहायचं ते हे, की या दोन परीक्षा तुमच्याकडून काय मागतात. नीट-पीजी, म्हणजे इथल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, मागते एका दिवसाचा रँक. यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी (पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) लागणारी परीक्षा, मागते चार-पाच वर्षं जमवलेली फाइल.

नीट-पीजीचं आधी सांगतो, कारण ते सरळ आहे. साडेतीन तास, 200 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. 2024 पासून पेपरचे पाच भाग केले आहेत, प्रत्येकात 40 प्रश्न आणि 42 मिनिटं. भागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही. एकोणीसच्या एकोणीस विषय त्यात येतात. सरकारी जागा निम्म्या ऑल इंडिया कोट्यातून आणि निम्म्या राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. रँकवरून ब्रँच ठरते. कोणी मुलाखत घेत नाही, शिफारसपत्र मागत नाही. यंदा रँक आला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बसा, आधीचा आकडा कोणी विचारणार नाही.

यूएसएमएलईत नेमकं हेच उलटं आहे. तिथे एकदा नापास झालात तर ती नोंद कायमची गुणपत्रिकेवर राहते आणि अर्ज वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पास झालात तर गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही. एकेका स्टेपला, म्हणजे टप्प्याला, जास्तीत जास्त 4 प्रयत्न. म्हणून 'देऊन तर बघू' ही आपली सवय इथे महागात पडते.

परीक्षा तीन टप्प्यांची. स्टेप 1 मूलभूत विषयांची, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. 26 जानेवारी 2022 पासून तिला गुण नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप 2 सीकेच्या तीन आकडी गुणांवर आला. तिसरी स्टेप अमेरिकेत जाऊनच द्यावी लागते. पहिल्या दोन स्टेप, इंग्रजी संवादाची ओईटी परीक्षा आणि पदवीची पडताळणी, अशा अटी पूर्ण झाल्या की ईसीएफएमजी ही संस्था प्रमाणपत्र देते. आपलं कॉलेज त्यांना चालतं का, अशी धास्ती पालकांना असते. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सप्टेंबर 2023 मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची 10 वर्षांसाठी मान्यता मिळाली, त्यामुळे ती काळजी मिटली.

अभ्यास एकच आहे, मग दोन्ही परीक्षा का जमू नयेत, असं भाचीने विचारलं. मी तिला ट्यूबरक्युलिन टेस्टचं उदाहरण दिलं. आमच्या ओपीडीत दोन आठवड्यांचा खोकला आणि घटलेलं वजन घेऊन माणूस आला की आम्ही थुंकी तपासायला पाठवतो. निरोगी मोठ्या माणसाच्या हातावर ट्यूबरक्युलिनची गाठ उठली तर आम्ही फारसं मनावर घेत नाही, कारण इथे टीबीच्या जंतूशी कित्येकांची गाठ पडलेली असते. स्टेप 2 मध्ये त्याच गाठीचे मिलिमीटर मोजावे लागतात. एचआयव्ही असेल किंवा घरात रुग्ण असेल तर 5, दवाखान्यात काम करणारा किंवा टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशातून नुकताच आलेला असेल तर 10, काहीच धोका नसेल तर 15. त्यापुढे एक्स-रे, आणि लक्षणं नसली तरी सुप्त टीबीवर औषध. शरीर तेच, जंतू तोच, पण 'पुढे काय कराल' याचं उत्तर देश बदलला की बदलतं. ही विचाराची सवय यूवर्ल्ड या प्रश्नपेढीतले हजारो प्रश्न सोडवूनच लागते. मागच्या वर्षांच्या प्रश्नांचं पाठांतर नीट-पीजीत थोडं तरी तारून नेतं, इथे नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि वेळेवर कोणी सांगत नाही असं. अमेरिकेतल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं अर्जात फार मोलाची ठरतात आणि ती तिथे वॉर्डात काम केल्याशिवाय मिळत नाहीत. हातात स्टेथोस्कोप घेऊन रुग्ण तपासण्याची संधी, म्हणजे इलेक्टिव्ह, विद्यार्थ्यालाच मिळते. अनेक हॉस्पिटलं फक्त शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेतात. पदवी हातात आली की बहुतेक ठिकाणी ऑब्झर्व्हरशिप उरते, म्हणजे मागे उभं राहून बघणं. इंटर्नशिप संपल्यावर अमेरिकेचा विचार सुरू करणाऱ्याने हे दार स्वतःच लावून घेतलेलं असतं. म्हणून निर्णय दुसऱ्या वर्षात, उशिरात उशिरा थर्ड मायनरमध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्षात, व्हावा, असं मी ठासून सांगतो.

माझी एक चुलत पुतणी न्यू जर्सीत डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन शिकते. नातेवाइकांना ती हाडं बसवायला शिकते असं वाटतं. तसं नाही. डीओला अमेरिकेत एमडीइतकेच पूर्ण अधिकार असतात. तिच्यापुढेही दोन परीक्षांचा पेच आहे. डीओंसाठीची कॉमलेक्स परीक्षा तिला द्यावीच लागते, यूएसएमएलई ऐच्छिक. 2020 मध्ये दोन्ही प्रवाहांच्या रेसिडेन्सी एका छत्राखाली आल्या, तरी अनेक विभागप्रमुखांना यूएसएमएलईचे गुण ओळखीचे वाटतात, म्हणून स्पर्धेच्या ब्रँचसाठी मुलं तीही देतात. तिला दोन्ही झेपतात, कारण दोन्हींचा अभ्यासक्रम बराचसा एक आहे आणि दोन्ही एकाच मॅचकडे, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाकडे, नेतात. 2024 च्या मॅचमध्ये शेवटच्या वर्षाच्या डीओ विद्यार्थ्यांपैकी 92 टक्क्यांहून जास्त जणांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या अर्जदारांमध्ये हे प्रमाण सुमारे 58 टक्के होतं. भाचीच्या समोर मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवले.

मॅचचं वेळापत्रकही कडक. सप्टेंबरमध्ये अर्ज, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल, जुलैच्या सुरुवातीला रुजू. यात आपली इंटर्नशिप आणि त्यानंतरची एक वर्षाची बंधपत्राची सेवा बसवायची असते. पहिल्या दोन स्टेपची फी प्रत्येकी हजार डॉलरच्या वर, शिवाय प्रवास आणि इलेक्टिव्हचा खर्च. व्हिसा बहुधा जे-1 मिळतो, आणि त्यात शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी धरून ती माफ होऊ शकते, पण अशा माफीच्या जागा प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच. घरच्यांनी हे आधी ऐकून घ्यावं. आई-वडिलांचं वय काढून कागदावर मांडायला लाजू नये.

'दोन्ही देऊ का' याला माझं उत्तर 'एकाच वर्षात नको' असं आहे. स्टेप 1 लवकर देऊन मग नीट-पीजीकडे वळलेल्या मुलांचा पाया पक्का झालेला मी पाहिला आहे. फायनल मेजरमध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षात, दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांचं मात्र स्टेप 2 राहिलं आणि रँकही गेला.

सगळं ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे आत्ता काय करू?" मी तिला पासपोर्ट आणायला सांगितला. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. परीक्षेच्या परवान्यावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात. तिच्या पासपोर्टवर वडिलांच्या नावात एक 'एच' जास्त होता. दुरुस्तीचा अर्ज तिने त्याच आठवड्यात भरला. अमेरिका की इथेच, हे ती थर्ड मायनरची परीक्षा झाली की सांगणार आहे.