जाळ्यावरचे जलाश्व

सिडनी शहराच्या बंदरांत चाउडर बे नांवाचा एक चिमुकला उपसागर आहे. देवमाशांची शिकार करणारे अमेरिकन खलाशी एके काळीं येथें उतरत आणि शिंपल्यांतील जीव घालून 'चाउडर' नांवाचें कालवण शिजवीत, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. आज तेथें हिरवळ, एक धक्का आणि पोहणाऱ्यांस शार्क माशांपासून अभय मिळावें म्हणून पाण्यांत सोडलेलें मोठें जाळें, एवढीच सामग्री दिसते. तरीहि सुटीच्या दिवशीं तेथें पाणबुड्यांची रीघ लागते. पाठीवर हवेचें नळकांडें आणि हातांत कांचेच्या तोंडाची पेटी घेऊन हीं माणसें, होडीवांचून, किनाऱ्यावरून सरळ चालत पाण्यांत शिरतात. तासाभरानें बाहेर येतात तीं मासे घेऊन नव्हे, छायाचित्रें घेऊन.

आमचा नातू त्यांतलाच एक. चिरंजिवांकडे राहावयास गेलों असतां आम्ही धक्क्यावर बसून त्याची वाट पाहत असूं, आणि घरीं परतल्यावर सर्व कुटुंब त्या चित्रांभोवतीं जमत असे.

पाण्याखालीं चित्र काढण्याची विद्या तशी जुनी. लुई बूतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८९३ सालीं अशीं चित्रें काढलीं. त्या काळीं एकेका चित्रास अर्धा अर्धा तासहि लागे. पुढें १९४३ सालीं कूस्तो व गान्यां यांनीं हवेचें नियमन करणारें यंत्र सिद्ध केलें आणि मनुष्य नळीच्या दाव्यांतून सुटला. पाण्याच्या नियमांतून मात्र कोणी सुटला नाहीं. पाणी प्रथम तांबडा रंग गिळतें. कुंकवासारखा लाल असलेला स्पंज थोड्या खोलीवर काळपट दिसतो. बरोबर दिवा नेला तरच त्याचा खरा वर्ण प्रकट होतो. तो दिवा भिंगाच्या अगदीं शेजारीं धरावा, तर पाण्यांतील गाळाचा कण न् कण उजळून चित्रावर पांढरी बुंदी सांडल्यासारखें दिसतें. म्हणून दिवे दोहों बाजूंस दांड्यांवर लांब ठेवावे लागतात. भरती पूर्ण होण्याच्या सुमारास पाणी बरेंच स्वच्छ असतें, ती वेळ साधावी लागते. एवढें करून मग जिवापासून वीतभर अंतरावर जावयाचें, तेंहि तळ न ढवळतां. पायांतील रबरी वल्ह्याचा एक फटका चुकला कीं चोहोंकडे धूळ! पाण्याखालीं मागच्या माणसाचे उद्गार ऐकूं येत नाहींत, ही देवाची कृपाच म्हणावयाची.

जाळ्याजवळ पाणी दोनतीन पुरुष खोल. तेवढ्यांत किती वस्ती! दगडासारखा निश्चल बसून कपाळावरील काडीच्या टोकाचें आमिष हालविणारा मासा. अंगठ्याएवढें, वाळूंत स्वतःस पुरून घेणारें माकूल. आणि निळ्या रेघांचा लहानगा अष्टपाद, दिसावयास मनोहर, पण त्याच्या विषावर उतारा नाहीं.

परंतु खरा मान समुद्रघोड्याचा. येथील जातीस हिप्पोकॅम्पस व्हाइटाय म्हणतात. १७८८ सालीं इंग्रजांचा जो पहिला तांडा येथें आला त्याचा मुख्य शल्यवैद्य जॉन व्हाइट, त्याचें हें नांव. ग्रीकांचा हिप्पोस आणि आपला अश्व हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ज्यांनीं लहानपणीं उच्चैःश्रव्याची कथा ऐकली आहे, त्यांस समुद्रांतील घोड्याचें नवल वाटूं नये! हा घोडा मात्र वीतभरहि नाहीं. उभ्यानें पोहतो, आणि शेपटीनें जाळ्याची दोरी धरून राहतो.

अमांडा व्हिन्सेंट व लैला सॅडलर या विदुषींनीं याच जातीच्या जोडप्यांचें सिडनीच्या पाण्यांत निरीक्षण करून १९९५ सालीं निबंध प्रसिद्ध केला. नर व मादी रोज भेटतात, थोडा वेळ जोडीनें फिरतात, आणि एका प्रसूतीनंतर पुढचा संसारहि त्याच जोडीदाराशीं करतात. गर्भ वाहतो तो नर! मादी आपलीं अंडीं त्याच्या पोटावरील पिशवींत ठेवते. सुमारें तीन आठवड्यांनीं शंभराहून अधिक पिलें बाहेर पडतात. ही हकीकत आमच्या घरांतील स्त्रीवर्गानें दोनदां सांगावयास लावली. पुरुषवर्गानें चहाचा विषय काढला.

पण हा संसार आज संकटांत आहे. ज्या स्पंजांच्या व मऊ पोवळ्यांच्या रानांत ही जात राहत असे, तीं रानें नांगरांनीं, वादळांनीं आणि वाळूच्या लोटांनीं उजाड झालीं. २०१७ सालीं तिची गणना जागतिक यादींत संकटग्रस्त जातींत झाली. राहतें घर गेल्यावर पुष्कळांनीं पोहणाऱ्यांच्या जाळ्यांचा आश्रय धरला. तेथेंहि निर्वेधपणा नाहीं. शेवाळ व स्पंज वाढले कीं जाळें जड होऊन फाटतें, म्हणून तें घांसावें लागतें. आणि घांसलें कीं समुद्रघोड्यांची संख्या घटते, असें २०१० सालच्या एका अभ्यासांत दिसलें. दोन्ही पक्ष खरे आहेत. पोहणाऱ्या मुलांचें रक्षण सोडून द्या असें कोण म्हणेल?

यावर तोड निघाली ती टाकाऊ वस्तूंतून. उत्तरेकडील पोर्ट स्टीफन्स येथें टाकून दिलेल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर समुद्रघोडे राहत असल्याचें संशोधकांस आढळलें होतें. त्यावरून लोखंडी जाळीचे पिंजरे मुद्दाम करून २०१८ सालापासून तळाशीं ठेवण्यांत आले. त्यांस तिकडे हॉटेल म्हणतात. भाडें नसल्यामुळें आम्ही धर्मशाळा म्हणूं. पिंजऱ्यावर शेवाळ व स्पंज चढतात, लोखंड हळूहळू गंजून जातें आणि रान मागें उरतें. २०२० सालीं मत्स्यालयांत वाढविलेलीं सुमारें ९० पिलें याच उपसागरांत, अशा पिंजऱ्यांवर व जाळ्यावर, सोडण्यांत आलीं.

दिव्याच्या झोतानें या मुक्या जिवास त्रास होत असेल, अशी शंका आमच्या सौभाग्यवतींनीं काढली. शंका योग्य होती. परंतु पोर्ट स्टीफन्स येथें झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत झोतामुळें त्यांचें वर्तन किंवा वसतिस्थान बदललेलें दिसलें नाहीं. अधिक त्रास होतो तो हात लावण्याचा. तोंड कॅमेऱ्याकडे यावें म्हणून काडीनें ढोसणारे, शेपटी सोडवून दुसरीकडे बसविणारे लोक असतात. चित्र सुरेख येतें, आणि त्या जिवाची मात्र पकड सुटते. समुद्रघोडा वाईट पोहणारा आहे. आधार सुटणें ही त्याच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. नातवास हें त्याच्या शिक्षकानें पहिल्याच दिवशीं बजावलें होतें. त्यामुळें जाळ्याच्या कोपऱ्यांत राहणाऱ्या एका पिवळ्या समुद्रघोड्याचीं त्याच्या संग्रहीं सात चित्रें आहेत, आणि सातहि पाठमोरीं.