कर्करोग आणि घरची माणसे

‘त्यांना काही सांगू नका हं, डॉक्टर!’ कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक हळूच हेच सांगतात. हेतू चांगला असतो. पण किरणोपचाराच्या रांगेत बसलेल्या माणसाला आपला आजार बहुधा कळलेलाच असतो. मग घरचे आजार लपवतात, रुग्ण भीती लपवतो आणि एकाच घरात दोघेही एकटे पडतात. म्हणून रुग्ण विचारील तेवढे, पण खरे सांगावे. उपचाराचा निर्णय त्याला विचारूनच घ्यावा.

कर्करोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळा ठेवू नये, नातवंडांना दूर करू नये.

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी होतात. या काळात ताप १००.४ अंशांवर गेल्यास घरीच गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. तोंड आले असेल तर शेंगाची चटणी बाजूला ठेवून दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, अंडे असे थोडे थोडे द्यावे. जेवणाचा आग्रह मात्र नको. वेदना सोसत बसू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेतल्यास व्यसन लागेल ही भीती सहसा अनाठायी असते.

उपचारासाठी प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असे नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. मुंबईला जावेच लागले तर रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेत रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. शेत किंवा दागिने विकण्यापूर्वी या योजनेची चौकशी अवश्य करावी.

शेवटी सेवा करणाऱ्याविषयी. हा भार बहुधा पत्नीवर किंवा सुनेवर पडतो. तिची झोप, तिचे जेवण, तिचे रडणे कुणी विचारत नाही. भेटायला येणाऱ्यांनी अंगारे आणि औषधे सुचवण्यापेक्षा एक रात्र रुग्णाजवळ थांबावे, एक वेळचा डबा आणावा. तीच खरी मदत.