‘हेत’ची चिठ्ठी

केप टाउनला राहायला आल्यावर मी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेकडे आफ्रिकान्स शिकायला जाऊ लागले. त्यांना मी ‘तानी’ म्हणते, म्हणजे मावशी किंवा काकू. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या शब्दांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि मी वाक्य लावते.

‘एक द्रंक कॉफी.’ ‘एक’ म्हणजे मी. मी, तू, ते, कोणीही प्यायलं तरी ‘द्रंक’ तसंच राहतं. डचमधून घडलेल्या आणि 1925 साली राजभाषा झालेल्या या भाषेनं क्रियापदांचे प्रत्यय जवळजवळ टाकूनच दिले आहेत. सगळी मेख आहे ती जागेत. ‘फानदाख’, म्हणजे ‘आज’, ही चिठ्ठी मी वाक्याच्या सुरुवातीला ठेवली. तानींनी काही न बोलता ‘एक’ उचलून ‘द्रंक’च्या पलीकडे ठेवली: ‘फानदाख द्रंक एक कॉफी.’ साध्या विधानात आधी काहीही येवो, दुसरी जागा क्रियापदाची. सरकायचं ते कर्त्यानं.

भूतकाळात क्रियापदाचे दोन तुकडे होतात. ‘एक हेत फानदाख कॉफी खद्रंक’: ‘हेत’ दुसऱ्या जागी, ‘खद्रंक’ थेट शेवटी. (हा ख घशातून घासत काढायचा.) मधे आधी वेळ, मग कर्म, रीत, स्थळ. हा क्रम मुलांच्या लक्षात राहावा म्हणून इथल्या शाळांत ‘स्टॉम्पी’ ही आद्याक्षरांची खूण शिकवतात.

मग आलं ‘ओमदात’, म्हणजे ‘कारण’. तानींनी ‘हेत’ची चिठ्ठी उचलली आणि पार टोकाला नेली: ‘ओमदात एक फानदाख कॉफी खद्रंक हेत.’ इंग्रजी बोलणारे इथे हमखास अडतात, असं त्या म्हणाल्या. मी प्रत्येक चिठ्ठीखाली मराठी शब्द लिहीत गेले: कारण, मी, आज, कॉफी, प्यायले, आहे. एकही चिठ्ठी हलवावी लागली नाही. दोन महिने परकी वाटलेली भाषा त्या ओळीत आमच्या घरातल्यासारखी बोलत होती. मला भरून आलं.

‘वान्त’चा अर्थही ‘कारण’च, पण त्याच्यामागे साध्या विधानाचाच क्रम. तिथे मी अजून चुकते.

आणि नकार दोनदा. ‘एक द्रंक नी कॉफी नी.’ पहिल्या ‘नी’लाच अर्थ कळलेला असतो, म्हणून मी दुसरा विसरते. तानी कप हातात धरून थांबून राहतात. त्यांच्या कानाला वाक्य अजून संपलेलंच नसतं.